सांता खरा नाही हे लेकीला कसं सांगू?

गोरेगावची आई
माझी लेक 7 वर्षांची, दुसरीत आहे. परवा स्कूलबसमध्ये एका मोठ्या मुलाने सांगितलं की सांता वगैरे कोणी नसतो, आईबाबाच गिफ्ट ठेवतात. घरी आली ती गप्पच, आणि झोपताना म्हणाली, आई गेल्या वर्षीच्या गिफ्टचा कागद तुझ्या कपाटात होता ना? पोटात गोळाच आला. आम्ही अकराव्या मजल्यावर, धुराडं कुठलं, म्हणून मीच सांगितलेलं की सांता लिफ्टने येतो आणि वॉचमनकाका त्याला सोडतात. एवढं रचून सांगितल्यावर आता खरं सांगितलं तर माझ्यावरचा विश्वास उडेल का? धाकटा दादू 4 वर्षांचा आहे, त्याला तर सगळंच खरं वाटतं.

वसईकर
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी येशूजन्माचा गोठा सजवणं आणि रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांता त्यानंतर. मुलांना मी, ज्याच्यावरून सांता आला त्या संत निकोलसची गोष्ट सांगते. चौथ्या शतकात मायराला, म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानात, बिशप होता, 6 डिसेंबरला त्याचा सण. एका गरीब बापाकडे तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते तर याने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या पिशव्या टाकल्या अशी आख्यायिका आहे. लेकीला हीच सांगा, त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

दादरची मावशी
अगं आम्ही चाळीत होतो तेव्हा पडलेला दात कौलांवर टाकायचो, उंदीरमामाला सांगायचो हा घे आणि तुझ्यासारखे बारीक दात दे. कधी कळलं उंदीर काही देत नाही ते आठवतही नाही, पण आजी खोटारडी असं कधी मनात आलं नाही. बागुलबुवाची भीती दाखवायचे त्याचा मात्र अजून राग आहे. तिने सरळ विचारलंय ना, मग सरळ सांग.

मुलुंडचा बाबा
माझं मत थोडं कडक आहे, राग मानू नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीने माझ्या मुलाला विचारलं, सांता चांगल्या मुलांना गिफ्ट देतो तर मला का नाही दिलं, मी पण नीट वागते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्रीच मुलाला सगळं सांगितलं. तो रडला, दहा मिनिटं असेल. पण 'चांगलं वागलं तर गिफ्ट' हे तरी प्लीज कोणी मुलांना सांगू नका.

गोरेगावची आई
मुलुंडचे बाबा, तुमचं वाचून फार वाईट वाटलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री सांगितलं. आधी निकोलसची गोष्ट, मग म्हटलं की आपल्या घरात ते काम बाबा आणि मी करतो. खूप वेळ गप्प होती, मग विचारलं लिफ्टचं पण खोटं का? म्हटलं हो, ते मी रचलेलं, सॉरी. थोडी रडली आणि कुशीत झोपली. आज सकाळी म्हणते दादूचं गिफ्ट मी पॅक करणार, आणि वर्तमानपत्रात करू, म्हणजे त्याला कागद ओळखू येणार नाही.