मदत हवी आहे : ॲरिझोनात स्वसंरक्षणाचा खटला आणि गोळ्यांची निवड

नमस्कार मंडळी. घरात ठेवायला ९ एमएम पिस्तूल घेतलंय, कायदेशीर. प्रश्न गोळ्यांचा आहे. हॅरॉल्ड फिश खटल्याबद्दल वाचलं (ॲरिझोनात त्याने एका माणसाला गोळ्या घातल्या, स्वसंरक्षणासाठी असं त्याचं म्हणणं) : २००४ ची घटना, १० एमएम पिस्तूल आणि हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर पसरणाऱ्या) गोळ्या. सरकारी वकिलांनी ज्युरीपुढे त्यावरही भर दिला. २००६ मध्ये शिक्षा झाली, २००९ मध्ये अपिलात ती रद्द झाली, पण मधली वर्षं तुरुंगातच गेली.

हॉलो पॉइंट आरपार जाण्याची शक्यता कमी, म्हणून पोलीसही त्याच वापरतात, हे माहीत आहे. ट्रिगर हलका करून घेणार नाही (तेही कोर्टात विरोधात वापरलं जाऊ शकतं), हेही ठरलंय. (‘कायदा बाजूने असेल तर गोळी कुठलीही चालते’ हे उत्तर ऐकून झालंय, कृपया परत नको.)

अडतंय ते घरी भरलेल्या काडतुसांपाशी. गोळी किती अंतरावरून झाडली हे कपड्यांवरच्या बंदुकीच्या दारूच्या कणांवरून ठरवतात, त्यासाठी तशाच काडतुसांची चाचणी लागते; घरी भरलेली तशीच काडतुसं बाजारात मिळत नाहीत. माझ्याकडे प्रत्येक बॅचची नोंदवही आहे, बॅचमधली काही काडतुसंही राखून ठेवलीत.

वकिली किंवा फोरेन्सिकमधल्या कुणी सांगावं : आरोपीने स्वतःच ठेवलेली अशी नोंद कोर्ट पुरावा म्हणून ग्राह्य धरतं का?