बाबूभाई मिस्त्री: ट्रिकसीनचे जाणकार की दिग्दर्शक?

प्रश्न (फोंडा):
नमस्कार. आमच्या वाचनालयात पौराणिक चित्रपटांवर एक टिपण वाचायचे ठरले असून त्यात बाबूभाई मिस्त्री यांच्या कारकिर्दीला मुख्य स्थान द्यावे, असे मला मनापासून वाटते. त्यांचा उल्लेख बहुधा चमत्कारदृश्यांचे, म्हणजे ट्रिकसीनचे, तंत्रज्ञ म्हणूनच होतो. पण त्यांनी स्वतः अनेक चित्रपट दिग्दर्शित केले आहेत. त्यांच्याकडे कोणत्या बाजूने पाहावे?

उत्तर (म्हापसा):
या दोन बाजू वेगळ्या काढूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. १९१८ साली सुरत येथे जन्मलेल्या बाबूभाईंचे नाव झाले ते विजय भट्ट दिग्दर्शित ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या चित्रपटाने. त्यात अदृश्य माणूस वस्तू उचलतो, हलवतो, असे दाखवायचे होते. त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या आणि त्यावरून त्यांना ‘काला धागा’ हे टोपणनाव मिळाले. तेव्हा ते विशीतही पोचले नव्हते.

उत्तर (डिचोली):
‘मुकाबला’ (१९४२) कृपया वगळू नका. बटुक भट्ट यांच्यासह दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात स्टंटपटांतील अभिनेत्री नादिया हिची दुहेरी भूमिका आहे. त्या काळी एकच नटी दोनदा दिसणाऱ्या दृश्यासाठी भिंगाचा अर्धा भाग झाकून एक बाजू चित्रित करीत, मग फिल्म मागे गुंडाळून, झाकण दुसऱ्या बाजूला लावून, त्याच फिल्मवर उरलेली बाजू चित्रित करीत. या दोन चित्रणांच्या मध्ये कॅमेरा केसभर हलला किंवा प्रकाश बदलला, तर जोड उघडा पडे. शिवाय नटीला समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून, तिथे कोणी उभे आहे असे धरून, वेळेचे नेमके भान राखत बोलावे लागे. नटाची नजर आणि कॅमेऱ्याचे गणित एकाच माणसाने सांभाळणे, हे दिग्दर्शनच नव्हे काय?

उत्तर (पेडणे):
डिचोलीच्या सदस्यांशी मी पूर्णपणे सहमत आहे. आमच्याकडे दशावतारी नाटकांच्या जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द हमखास असतो, आणि जाणकार प्रेक्षक ट्रिकसीन प्रसंगात मुरला की नुसता मिरवला, हे लगेच ओळखतात. त्याच कसोटीवर मला ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) त्यांचे सर्वांत समर्थ काम वाटते, कारण त्यातील चमत्कार कथेची गरज म्हणून येतात. ‘पारसमणी’ (१९६३) आज लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा पहिला प्रदर्शित चित्रपट म्हणून अधिक आठवला जातो. त्यात करामती पुष्कळ आहेत, पण कथेची वीण सैल आहे. त्यानंतर ‘महाभारत’ (१९६५) पाहावा. टिपण वाचताना शक्य झाल्यास काळा पडदा लावून, दिवा एका बाजूने ठेवून, काळ्या दोऱ्याने एखादी वस्तू प्रत्यक्ष हलवून दाखवा. दोऱ्यावर थेट उजेड पडू देऊ नका, नाहीतर तो चमकेल.