महेश्वर एका दिवसात उरकायचं का?

नर्मदाकाठची_माई: थंडी पडली की आपली इंदूरची मराठी मंडळी महेश्वरला निघतात. सकाळी पोहे-जलेबी, वाटेत जाम गेटला फोटो, मग घाट, नावेतून एक चक्कर आणि उरलेली दुपार साड्यांच्या दुकानात. माझं मत, असं जायचं तर जाऊच नका, रात्री राहा. 1767 पासून 1795 पर्यंत अहिल्याबाईंनी तिथून राज्य चालवलं, विणकर बोलावून वसवले, नदीकाठी बाजार उभा राहिला. शाहीर अनंत फंदी संगमनेरहून तिथवर गेला आणि बाईंनी कानउघाडणी केल्यावर तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला असं सांगतात. घाटावर सेल्फी काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

भिया_इंदूरवाला: काय ताई, एवढं मनावर घेऊ नका. पाऊणशे-शंभर किलोमीटरवर तर आहे, संध्याकाळी घरी येता येतं, आणि फंदीची गोष्ट तर दंतकथाच, तिच्यासाठी हॉटेलचं भाडं कोण भरणार? आमच्या म्हाताऱ्यांना घाटाच्या पायऱ्या उतरताना जीव नकोसा होतो, त्यांनी रात्री राहून काय करायचं?

नर्मदाकाठची_माई: दंतकथा म्हणा हवं तर, पण फंदी खरा होता आणि त्याचे फटके, म्हणजे उपदेशाची कवनं, आजही लोकांना पाठ आहेत. म्हाताऱ्यांचं मान्य, त्यांना वर राजवाड्यातच बसवा. पण धडधाकट माणसांचं काय? तीसुद्धा पाच वाजले की बसकडे पळतात.

ताणाबाणा: मला दोघांचंही पटत नाही. मुक्काम करून तरी लोक काय करतात, हॉटेलच्या गच्चीवर चहा पितात. त्यापेक्षा दिवसाचेच दोन तास हातमागावर द्या. हा धंदा बसत चालला होता, तो सावरायला 1978 च्या सुमारास रेहवा सोसायटी निघाली, तिथे बायका माग चालवतात. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा काठ, पदरावरचे पाच पट्टे, हे तयार होताना बघितलं की दुकानात भाव करताना माणूस जरा जपून बोलतो. आमच्या ग्रुपमधल्या एकीने पावरलूमची साडी महेश्वरी म्हणून घेतली आणि वर म्हणते स्वस्त मिळाली.

भिया_इंदूरवाला: हातमाग बघायला मी तयार आहे. पण भाव तर करणारच भिया, मराठी माणूस आहे!

नर्मदाकाठची_माई: करा की. आणि गाडी मंडलेश्वरवरूनच जाते तर तिथेही उतरा. शंकराचार्य आणि मंडनमिश्रांचा वाद तिथे झाला असं तिथले लोक मानतात. तुम्हाला आवडेल, वाद घालायची तुम्हाला हौस आहेच.