पाणी ओसरल्यावर रंगाची घाई नको

पुराचे पाणी ओसरताच पंखे लावून भिंती वाळवाव्यात आणि आठवड्याभरात रंग द्यावा, असे या चर्चेत एका सदस्यांनी सुचवले आहे. त्यात थोडी भर घालतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होते. त्या अनुभवावरून सांगतो की, विटांच्या भिंतीने शोषलेले पाणी पुराच्या रेषेच्याही वर चढते आणि प्लास्टर वरून कोरडे दिसले तरी आत ओलावा टिकून राहतो. अशा भिंतीला रंग दिल्यास पोपडे सुटतात व पांढरा क्षार फुटतो, हे आम्ही पैसे घालवून शिकलो.

पंखा लावण्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून बोर्ड तपासून घ्यावेत. मात्र मेन स्विचपर्यंत पाण्यातून जावे लागत असेल, तर वीजपुरवठा बाहेरूनच बंद करवावा. जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी शिरले असल्यास ती पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केल्याशिवाय पाणी वापरू नये.

दुकानदारांनी चिखल काढण्यापूर्वी पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला तत्काळ लेखी कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहण्याआधी भिजलेला माल (नाशवंत वगळता, तोही छायाचित्रे काढूनच) फेकू नये. न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटे येत असेल, तर सांडपाण्याच्या वाहिनीवर एकदिशा झडप पावसाळ्यापूर्वीच बसवून घ्यावी.