मदत हवी आहे: कॅल्क्युलेटर ४५ लाख दाखवतो, बँक २८ म्हणते

पोटमाळा:
पहिलंच घर आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९० हजार. कॅल्क्युलेटरवर २० वर्षं आणि ९ टक्के टाकलं की ४५ लाख कर्ज दिसतं. बँकेने तोंडी २८ सांगितले. क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) उत्तम, हप्ता कधी चुकलेला नाही. १२ लाख जमलेत. दुसऱ्या बँकेत जाऊ की मुदत ३० वर्षं करू? शनिवारी विक्रेत्याला टोकन (घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम) द्यायचंय. 'आधी बचत करा' छाप सल्ले नकोत.

उंटावरची:
घर केवढ्याचं? बाकी कर्जं कोणती? व्याज स्थिर की बदलतं? अर्धी माहिती देऊन पूर्ण उत्तर कसं मिळणार?

गच्चीवरचा:
१२ लाख बचत खात्यात कुजवताय का? शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडात टाका. घराची घाई करू नका, भाड्याने राहणंच परवडतं.

पोटमाळा:
@गच्चीवरचा, हे विचारलंच नव्हतं. @उंटावरची, घर ५० लाखांचं. दर बदलता. बाकी कर्ज असं काही नाही.

हिशेबनीस:
'काही नाही' कसं? बँकेचं गणित उलटं सोडवून बघा. २० वर्षं, ९ टक्के, म्हणजे लाखामागे ९०० हप्ता. बँकेने पगाराच्या ४५ टक्के सगळ्या हप्त्यांसाठी धरले तर साडेचाळीस हजार, त्यात ४५ लाख बसतात. तुमचा कॅल्क्युलेटर इथेच थांबला. २८ लाखांना हप्ता साधारण सव्वापंचवीस हजार. मधले १५ हजार दरमहा कुठे जातायत?

पोटमाळा:
गाडीचे १२ हजार जातात. पण १४ च हप्ते राहिलेत, म्हणून लिहिलं नाही. लॅपटॉपचे कार्डावर ३ हजार, तेही बिनव्याजी आणि ५ च उरलेत. ते काय कर्ज म्हणायचं?

हिशेबनीस:
तेच म्हणायचं! बँक बाकी रक्कम किती हे नंतर बघते, दरमहा किती जातात हे आधी. हजाराचा एक हप्ता चालू असला की गृहकर्जातून १ लाख ११ हजार वजा. म्हणजे गाडीने १३ लाख ३३ हजार खाल्ले, लॅपटॉपने ३ लाख ३३ हजार. गाडीची बाकी ९ टक्क्यांनी १ लाख ५९ हजारांच्या आसपास असेल. ते भरले की पात्रता, म्हणजे मिळू शकणारं कर्ज, सव्वातेरा लाखांनी वाढते. लॅपटॉपला फक्त १५ हजार लागतील, तो आधी संपवा. थोडेच हप्ते उरले असतील तर काही बँका ते धरतही नाहीत, आधी विचारा.

कोरा चेक:
आणि ३० वर्षांचा मोह सोडा. लाखामागे हप्ता ९०० वरून ८०५ वर येतो, बस. २८ चे साडेएकतीस होतील, पण लाखामागे एकूण व्याज १ लाख १६ हजारांवरून १ लाख ९० हजारांवर जातं.

गच्चीवरचा:
लांब मुदत घेऊन उरलेले पैसे गुंतवले तर फायदाच आहे. शिवाय पगार वाढतच असतो.

कोरा चेक:
आणि दर वाढत नाही? सुरुवातीलाच ९ चा १० झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला तर २४० हप्त्यांचे ३१४ होतात. पहिल्या महिन्यात ९०० पैकी ७५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं १५०. दर १० झाला की व्याज ८३३, मुद्दलाला उरतात ६७. आणि शेअरमध्ये १२ चे ३० टक्के घसरून ८ लाख ४० हजार झाले की मूळपदावर यायला ४३ टक्के वाढ लागते. दोन वर्षांत लागणारा पैसा तिथे नको. मुदत ठेव, नाहीतर लिक्विड फंड (पैसे लवकर काढता येणारा, कमी जोखमीचा फंड).

चिमणपाखरू:
कार्पेट एरिया मोजून घ्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप स्वतः लावा.

उंटावरची:
@चिमणपाखरू, वेगळा धागा काढा. 😀
मला वेगळीच भीती वाटतेय. पात्रता ४५ झाली तरी बँक किमतीच्या ८० टक्केच देते असं धरा, म्हणजे ४०. तेही करारातली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यातल्या लहान आकड्यावर. मूल्यांकन ४५ आलं तर ३६ च मिळतील. ४० धरले तरी १० लाख तुमचे. नोंदणी, वकील, प्रक्रिया शुल्क, सामान हलवणं यांना ७ टक्के धरा, साडेतीन लाख. झाले साडेतेरा. गाडी आणि लॅपटॉप फेडून हातात राहतील सव्वादहा. सव्वातीन लाख कमी, आणि आजारपणाला किंवा नोकरी गेली तर शून्य.

पोटमाळा:
ते वैयक्तिक कर्ज काढून भरता येतील ना?

हिशेबनीस:
आणि नवा हप्ता सुरू! मग पुन्हा तोच खड्डा. त्यापेक्षा आत्ताचं भाडं धरून महिन्याला ३६ हजार बाजूला काढायचा सराव करा. ४० लाखांचा हप्ता तेवढाच आहे. सहा महिने ओढाताण न होता निघाले तर घर पेलेल, आणि तुटीतलाही काही भाग भरून निघेल. घाईच असेल तर सव्वादहात बसणारं घर साधारण ३८ लाखांचं.

कोरा चेक:
टोकन देताना 'कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत' हे कागदावर नसेल तर एक पैसा देऊ नका. विक्रेता तोंडी हो म्हणतो, नंतर वाद होतो.

पोटमाळा:
लिहून द्यायला तयार नाही म्हणतोय. टोकन थांबवलं. गाडीचं कर्ज बंद केलं की बँकेत लगेच दिसेल?

उंटावरची:
लगेच नाही. क्रेडिट अहवालात (तुमच्या सगळ्या कर्जांची नोंद) यायला काही आठवडे जातात. ना-हरकत पत्र घ्या, बाकी शून्य दाखवणारा कर्जखात्याचा उतारा घ्या, दोन्ही अर्जाला जोडा. मुदतीआधी कर्ज फेडायचं शुल्क किती तेही आधी विचारा. आणि कार्ड बंद करू नका, जुनं खातं गेलं की स्कोअर घसरू शकतो. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा, आणि बिल तयार व्हायच्या तारखेआधीच भरा, सहसा त्या दिवसाची बाकी अहवालात जाते.

गच्चीवरचा:
कार्डच नको, रोख वापरा.

कोरा चेक:
रोखीने क्रेडिट इतिहास होत नाही हो.