क्रूझचं बुकिंग: एजंटकडून की स्वतः?

पर्वतीपायथा:
आमच्या सोसायटीत दोन कुटुंबं सिंगापूरहून क्रूझला निघालीत, आणि एजंट धरावा की नाही यावर त्यांचं एकमत होत नाहीये. माझं मत ठाम आहे: परदेशातली क्रूझ असेल तर एजंट धराच. विमान, हॉटेल मी नेहमी स्वतः बुक करते, त्यात काही अवघड नाही. क्रूझमध्ये खरी मेख व्हिसाची असते.

सिंगापूरची बोट पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरलाच लागते. म्हणजे तुम्ही देश सोडून पुन्हा आत येता, सिंगल एंट्री व्हिसा असेल तर अडकलात. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून नॉर्वेला जायचं तर यूकेचा व्हिसा हवा आणि शेंगेनही, म्हणजे नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा सामाईक व्हिसा. सिॲटल आणि अलास्का दोन्ही अमेरिकेतच, तरी सिॲटलहून अलास्काला जाणारी बोट वाटेत कॅनडात थांबते, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला. कारण १८८६ च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशात नोंदलेल्या जहाजाला मध्ये दुसऱ्या देशाचं बंदर न घेता अशी फेरी करता येत नाही. तुम्ही व्हिक्टोरियाला खाली उतरणार नसलात तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. वेबसाइट यातलं काही न विचारता पैसे घेते. बंदरावर कागद कमी पडले तर चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत, कारण कागदपत्रं प्रवाशाने सांभाळायची हे करारातच असतं.

शिवाय एजंटचं कमिशन भाड्यातच धरलेलं असतं. थेट बुक केलंत म्हणून तेवढी रक्कम सहसा कमी होत नाही.

औंधकर:
व्हिसाचं पटलं. पण त्यासाठी अख्खं बुकिंग त्याच्या हातात कशाला? सिंगापूरचा व्हिसा तसाही इथून अधिकृत एजंटमार्फतच करावा लागतो. तेवढं काम फी देऊन करून घ्या आणि बोट स्वतः बुक करा.

एकदा बुकिंग एजंटमार्फत झालं की क्रूझ कंपनी तुमच्याशी बोलत नाही. नावात स्पेलिंग चुकलं, केबिन बदलायची आहे, काहीही असो, उत्तर एकच: तुमच्या एजंटला सांगा. माझ्या आईवडिलांच्या वेळी हेच झालं. एजंटचं ऑफिस शनिवारी दुपारी बंद झालं ते सोमवारी उघडलं, आणि तोवर हवी ती केबिन गेली होती. भाडं उतरलं तर काही कंपन्या शेवटचा हप्ता भरायच्या आधी नवा दर लावून देतात, पण तो मागावा लागतो. तुमच्यासाठी रोज दर कोण बघत बसणार आहे?

आणि कमिशन मिळतं ते भाड्यावर, बंदर शुल्क आणि करांवर नाही. केबिन महाग तितकं कमिशन जास्त. एजंटचा बाल्कनीवाल्या केबिनचा आग्रह कुठून येतो ते यावरून समजून घ्या.

मुळाकाठ:
मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीचा विचार असेल तर हा वाद इथेच संपवा. देशातल्या देशात फेरी, आपल्याला पासपोर्टही लागत नाही. सरळ साइटवरून करा. फक्त पुण्याहून निघताना एक्सप्रेसवेवर घाटात अडकण्याचा वेळ हाताशी ठेवा, बोट कुणासाठी थांबत नाही.

पर्वतीपायथा:
औंधकर, बाल्कनीचा आग्रह सगळेच करत नाहीत. माझ्या सासूबाईंना बोट लागते, तेव्हा आमच्या एजंटने स्वतःहून खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन सुचवली. तिथे हलणं कमी जाणवतं, आणि ती बाल्कनीपेक्षा स्वस्तही होती. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, बघून लाइफबोटीमागची खिडकी आणि थिएटरच्या डोक्यावरची खोली टाळणं नवख्या माणसाला जमत नाही.

बुकिंग हातातून जातं म्हणता, तर पहिल्याच दिवशी क्रूझ कंपनीचा बुकिंग क्रमांक मागून घ्या. कंपनीच्या ॲपमध्ये तो टाकला की स्वतःचं बुकिंग दिसतं. नुसती लेटरहेडवरची पावती देणाऱ्याला पुढचे पैसे देऊ नका.

चिंचवडची मीरा:
दोघांनाही विचारायचंय, एकूण खर्चाचं काय? पत्रकात छापलेल्या रकमेत कर्मचाऱ्यांची टीप बहुतेक वेळा नसते. मोठ्या जहाजांवर ती माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर पडते. चौघांचं घर आठवडाभर गेलं तर ही रक्कम किरकोळ नाही. परदेशी पॅकेज इथून घेतलं की टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच वसूल करायचा आगाऊ आयकर, घेतात. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आधी खिशातून भरावाच लागतो. एजंटकडून हे सगळं लेखी घ्या. जैन जेवण हवं असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच नोंदवून घ्या, जहाजावर चढल्यावर ऐनवेळी होईलच असं नाही.

औंधकर:
मीराताई, लेखी घ्या हे शंभर टक्के बरोबर. पण माझी मुख्य हरकत अजून तिथेच आहे. मोठ्या कंपन्या पूर्ण पैसे निघायच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी मागतात. आपल्याकडे अनेक एजंट ते कितीतरी आधी घेतात. मधल्या काळात ते कुणाच्या खात्यात असतात? एजंटने दुकान बंद केलं तर कंपनी म्हणणार, आमच्याकडे अनामतीपलीकडे काही आलेलं नाही. ग्राहक आयोगात जाता येतं, पण तोवर बोट निघून गेलेली असते.

पर्वतीपायथा:
ही भीती रास्त आहे. म्हणून अनामत देतानाच शेवटच्या हप्त्याची कंपनीची तारीख विचारा, त्याआधी पूर्ण रक्कम देऊ नका, आणि शक्य असेल तिथे कार्डाने थेट कंपनीलाच भरा. याला नकार देणारा एजंट मीही सोडून देईन. पण अलास्कासारखी दोन व्हिसांची फेरी असेल, तर एजंटशिवाय मी घरच्यांना नेणार नाही.