२७३२ च्या सॉकेटमध्ये २७सी२५६ बसवली, पण कार्ड सुरू होत नाही

प्रश्न:
आमच्या वर्कशॉपमधील जुन्या प्लास्टिक मोल्डिंग मशीनच्या झेड-८० प्रोसेसरच्या कार्डावर, पहिल्या सॉकेटमधील २७३२ एप्रॉमची (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरी चिपची) एक पिन गंजून मोडली. आतला प्रोग्राम सुदैवाने मी आधीच वाचून ठेवला होता. २७३२ कुठे मिळेना, म्हणून २८ पिनांची मोठी एप्रॉम २७सी२५६ आणली, तिच्या पहिल्या ४०९६ बाइटांत तोच प्रोग्राम लिहिला आणि खाचेकडच्या चार पिना बाहेर राहतील अशा रीतीने ती २४ पिनांच्या सॉकेटमध्ये बसवली. बाहेर राहिलेल्या २८ व १ या पिनांना ५ व्होल्ट दिले. २ व २७ या पिना, म्हणजे ए-१२ व ए-१४ या पत्त्याच्या (ॲड्रेस) ओळी, ग्राउंडला जोडल्या. प्रोग्रामरवर (चिप लिहिण्या-वाचण्याच्या उपकरणावर) चिप बरोबर वाचली जाते, तरी मशीनचा डिस्प्ले कोराच राहतो. माझे काय चुकले असावे?

उत्तर १:
घोटाळा २६व्या पिनेत आहे. ती सॉकेटच्या २४व्या छिद्रात बसते आणि तेथे २७३२ साठी ५ व्होल्ट येतात. २७सी२५६ मध्ये मात्र ती पिन ए-१३ ची आहे. ए-१३ कायम वर (५ व्होल्टवर) राहिल्यामुळे कार्ड चिपमधील हेक्स (सोळा-आधारी) २००० या पत्त्यापासून वाचते, आणि तो भाग कोरा असल्याने प्रत्येक बाइट एफएफ मिळतो. झेड-८० एफएफला हेक्स ००३८ वर जाण्याचा आदेश समजतो, तेथेही एफएफच असतो आणि प्रोसेसर तेथेच अडकतो. आपली जोडणी तशीच ठेवून प्रोग्राम हेक्स २००० ते २एफएफएफ या भागात लिहावा.

उत्तर २:
मी तर प्रोग्रामच्या आठ प्रती एकापाठोपाठ लिहून सगळे ३२ केबी भरतो, म्हणजे ए-१२ ते ए-१४ या वरच्या ओळी कशाही बांधल्या तरी चालते. मात्र त्या मोकळ्या सोडू नयेत. तसेच नव्या चिपच्या पिना वाकवून त्यांवर सोल्डर मारण्यापेक्षा २८ पिनांचे वेगळे सॉकेट चिप व मूळ सॉकेट यांच्या मध्ये घ्यावे, तारा त्यालाच जोडाव्यात आणि २८ व १४ या पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

प्रश्नकर्ता:
मल्टिमीटरने पाहिले, २६व्या पिनेवर खरोखरच ५ व्होल्ट होते. आठ प्रती लिहून चिप पुन्हा बसवली आणि डिस्प्लेवर हीटरचे तापमान दिसू लागले. मधले सॉकेट रविवारी मशीन बंद असताना लावीन. आपणा दोघांचे मनापासून आभार.